एकाच पंगतीत हत्ती आणि गाढव

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्ग गावात माझ्याइतका झकास मार्झिपानचा हत्ती कोणालाच जमत नव्हता. तसा हत्ती करायला सांगणारं घरही गावात एकच होतं, आणि तिथला कुक मीच.

मार्झिपान म्हणजे बदाम-साखर वाटून केलेला गोळा, आपल्या बदाम बर्फीचा गोरा भाऊ. कणकेसारखा मळायचा, हवा तो आकार द्यायचा. मी रत्नागिरीकडचा, दुसरी नापास. बोटीवर भंडारी होतो, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. हांबुर्ग बंदरात उतरलो, हॉटेलात भांडी घासली आणि मग या अमेरिकन साहेबांकडे लागलो. साहेब फ्रांकफुर्टला बँकेत मोठे. साल चौसष्ट.

अमेरिकेत पक्ष दोन. एकाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव. साहेब आणि त्यांच्या बँकेतले लोक तिकडे एकाच श्रीमंत उपनगरात राहणारे. बंगले, हिरवळ, घरटी दोन गाड्या. तिथे आजा हत्तीवाला, बाप हत्तीवाला, म्हणून मुलगाही हत्तीवाला. आपलं कुलदैवत असतं ना, तसं. निवडणूक आली की साहेब सगळ्यांना जेवायला बोलवायचे. प्रत्येक ताटात एक हत्ती. जेवण झालं की सगळ्यांनी एकदम सोंड चावायची. त्या वर्षी तर साहेबांना मायदेशी परतून स्वतःच तिथल्या सीटसाठी उभं राहायचं होतं. जेवायला येणारी माणसं पाठीशी असली तरच ते जमणार होतं.

सकाळी मॅडम किचनमध्ये आल्या. "सॅम, माझ्या ताटात गाढव ठेव."

"साहेबांना ठाऊक आहे?"

"आज कळेल. मी बोलायला गेले की तो पेपर तोंडासमोर धरतो." खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पीटर इथे पूर्व जर्मनीच्या सरहद्दीवर आहे. आणि आमचा उमेदवार बॉम्बचं असं बोलतो, जशी काय शेतातली पाखरंच उडवायचीत."

पीटर त्यांचा एकुलता एक मुलगा, सैन्यात. मी गाढव करायला घेतलं.

एक झालं आणि हात थांबला. एका पंगतीत एकालाच वेगळं वाढायचं? पंक्तिप्रपंच! आईने पळी हाणली असती. मी प्रत्येक ताटात हत्तीशेजारी गाढव मांडलं.

हाउसकीपर फ्राउ केलर बघतच राहिली. ती जर्मन, मला सॅम न म्हणता 'हेर सखाराम' म्हणायची, म्हणजे मिस्टर सखाराम. "हेर सखाराम, मॅडमनी एक सांगितलं होतं."

"आमच्याकडे एकालाच वेगळं वाढत नाहीत."

"आल्झो... बरं, मी काही पाहिलं नाही."

जेवण झालं. गाढवं बघून साहेब हसले. "सॅमची गंमत!" हत्ती उचलून म्हणाले, "चला."

कोणी हलेना. मॅडमनी गाढव घेतलं आणि कान चावला. मग टेबलाच्या टोकाचे पांढऱ्या केसांचे मिस्टर ब्रॅडली, साहेबांच्या बापाच्या वेळचे शेजारी, त्यांनीही गाढवच उचललं. मग त्यांच्या बायकोने. मग पलीकडच्या दोघांनी. शेवटी हत्ती धरून साहेब राहिले, आणि एक प्रमोशनवर डोळा असलेला तरुण.

साहेबांनी हत्ती तसाच खाली ठेवला. मॅडमना विचारलं, "कधीपासून?"

"पीटर सैन्यात गेला तेव्हापासून."

"मला सांगायचंस."

"सांगत होते."

कॉफी कोणी घेतली नाही. कोट घालताना मिस्टर ब्रॅडलींनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेब भिंतीकडे बघत राहिले. त्या सीटसाठी ते कधीच उभे राहिले नाहीत. मला काढलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मला ते त्याला एकट्यालाच सांगायचं होतं, सॅम." एकाने मागितलेलं सगळ्यांना वाढू नये, हे मी तेव्हा शिकलो.

तरी मनातून फुगलो होतो. भांडी पुसताना फ्राउ केलरला म्हटलं, "बघितलंत? एका कुकने अख्खा पक्ष फोडला."

तिने फडकं पिळलं. "पाहुण्यांची मतं टपालाने गाढवाला कधीच गेलीत. आम्ही हाउसकीपर एकमेकींशी बोलतो. तुमच्या गाढवाने कोणी बदललं नाही, हेर सखाराम. बदाम तेवढे फुकट गेले."