कॉरिडॉरमधला बाक

मधल्या सुट्टीत माझा डबा मला स्टाफरूमच्या दाराबाहेर सापडला. जमिनीवर. नोकरीचा दुसरा दिवस. आदल्या दिवशी मी सगळ्यांबरोबर टेबलावर जेवले होते. जेवताना एका ज्येष्ठ बाईंनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला, ते. मी सरळ सांगितलं, लपवायचं काय त्यात? जात कळली आणि डबा बाहेर आला.

शिपायाने कॉरिडॉरच्या टोकाला, मुलींच्या मुतारीशेजारी, एक मोडका बाक टाकला. मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "स्टाफरूममध्ये दाटी होते हो. तुम्ही कॉरिडॉरमध्ये बसत जा. तिथे हवा खेळती असते."

मी बसले. नऊ वर्षं बसले. मी तासिकेवरची शिक्षिका. दर जूनला मला पुन्हा घ्यायचं की नाही, ते त्यांच्या हातात. तोंड उघडलं असतं तर घरी बसले असते. हे खरंच आहे. पण मी भित्री होते, हेही खरं आहे.

आईला मात्र मी ऐटीत सांगितलं, माझी जागा कॉरिडॉरमध्ये आहे. आई कामतघरला लूमच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरते. तिला वाटलं, शेठची केबिन असते तसं काहीतरी असेल. चाळभर सांगत सुटली, पोरीला शाळेने वेगळा कॉरिडॉर दिलाय. मी तिला खरं सांगितलं नाही.

कॉरिडॉर आमच्या चाळीतही होता. आम्ही त्याला गॅलरी म्हणायचो. तिथे कपडे वाळायचे, बायका लसूण सोलायच्या, रात्रपाळी करून आलेले बाप्ये झोपायचे. शाळेत मुलं त्याला पॅसेज म्हणायची, जुने सर व्हरांडा. इंग्रजीच्या तासाला मी अर्थ सांगायचे, खोल्यांकडे नेणारी वाट. त्या वाटेवरच कुणाला तरी बसवून ठेवतात, हे मी मुलांना सांगत नसे.

मागच्या महिन्यात माझी बीपीची गोळी घरी राहिली. ती द्यायला आई शाळेत आली. शिपायाला तिने विचारलं, बाईंचा कॉरिडॉर कुठाय? तो हसला आणि बोट दाखवलं. मी बाकावर बसून पोळी खात होते. मुली ओल्या पायांनी माझ्या पुढ्यातून जात होत्या. स्टाफरूमचं दार सताड उघडं, आत दोन खुर्च्या रिकाम्या. आईने सगळं पाहिलं.

"ह्योच कॉरिडॉर हाय?"

मी मान हलवली.

"आमी कांडीवाल्या बाया बी भाईरच जेवतो," ती म्हणाली. "पन तुला तर मी शिकिवलं व्हतं."

गोळी बाकावर ठेवून ती निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन स्टाफरूममध्ये शिरले आणि रिकाम्या खुर्चीवर बसले. एकेक जण आपापला डबा उचलून उठून गेला. मुख्याध्यापिका आल्या. जूनमध्ये तुमचं कठीण होईल, म्हणाल्या. मी म्हटलं, मी बाहेर का बसायचं, ते कारण लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं नाही.

आता मी रोज त्या खोलीत एकटीच जेवते. दोन तरुण शिक्षिका म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे. पण त्याही जिन्यात गाठून, हळू आवाजात. काही बदलणार नाही, हे मला कळतं. जूनमध्ये मला काढतील. दुसऱ्या शाळेतही आधी आडनाव विचारतील, मग गाव.

काल शिपाई निरोप घेऊन आला. मोठ्या बाईंनी तुम्हाला बाहेर बसायला सांगितलंय.

मी म्हटलं, "बाईंना सांग, मी उठणार नाही. उठवायचंच असेल तर स्वतः या आणि हाताला धरून उठवा. मला शिवावं लागेल."