घरची झाडं

त्या दुकानदाराचा मला अजूनही राग येतो. नाशिकच्या बाजारात त्याचं झाडांवर फवारायच्या औषधांचं दुकान होतं. येवल्याकडचे शेतकरी येऊन विचारायचे, "बुरशीचं आन् किडीचं औषध संगंच मारलं तर चालंल का?" तो मान वर न करता, सुपारी कातरत म्हणायचा, "काही होत नाही हो. मारा बिनधास्त." प्रत्येकाला हेच, ह्याच सुरात.

शाळेची बाग माझ्याकडे होती, म्हणून मीही विचारलं.

"काही होत नाही, मास्तर."

मी दोन्ही औषधं एकाच पंपात ओतली. आत दही झालं. तोटी तुंबली, तर मी मूर्खासारखा ती काडीनं मोकळी करत सगळं फवारलं. चार दिवसांत हिरवळ जागोजागी करपली, गुलाबांची पानं गळाली.

जळकी पानं मुठीत धरून मी तणतणत दुकानात गेलो. गल्ल्यावर कोणी नव्हतं. मागच्या अंगणात तो उकिडवा बसला होता. समोर काचेच्या बरणीत पाणी. त्यात त्याने तीच दोन औषधं थेंब-थेंब घातली, ढवळली आणि बरणी उजेडाकडे धरून किती तरी वेळ बघत राहिला. तळाशी गाठी धरल्या, तसं सगळं मोरीत ओतून दिलं.

"हे आम्हाला का नाही सांगितलं?" मी ओरडलो.

तो खरोखरच गोंधळला. भिंतीशी मांडलेल्या कुंड्यांकडे बोट दाखवत म्हणाला, "अहो मास्तर, ही घरची झाडं आहेत."