कप्तानांचे पाय

हॉटेलात सगळे त्यांना कप्तान म्हणत. तसे ते वेटरच, पण सगळ्यात जुने, म्हणून हा मान. हातावर ताटल्यांची उतरंड आणि पायाला भिंगरी, अशी उभी हयात अक्षरशः उभ्यानेच गेली. घरी आल्यावर बायको म्हणायची, ‘‘टेका आता जरा.’’ पण टेकतील ते कप्तान कसले! जेवताना मध्येच उठून तिलाच वाढायचे.

पुढे त्यांना झालेला कर्करोग यकृतापर्यंत पोचला आणि डॉक्टरांनी बरं होण्याची भाषा सोडली, तेव्हा बायको कंबर कसून उभी राहिली. चहा, पाणी, पेपर, सगळं पलंगावर. त्यांनी पाय खाली सोडले की ही हजर. ‘‘अहो, निघालात कुठे? जन्मभर लोकांपुढे नाचलात, आता बसून खा!’’ बिचारे बसायचे. भूक नाही म्हणाले की ती पातळ सूप द्यायची, पोटाला जड नको म्हणून.

कप्तानांचं मागणं एकच होतं. ‘‘बाकी काय व्हायचं ते होऊ दे गं,’’ ते म्हणायचे, ‘‘पण संडासला शेवटपर्यंत माझ्या पायांनी जाऊ दे. तेवढं कुणाकडून करून घ्यायची वेळ नको.’’

मग दवाखान्यातून फिजिओथेरपिस्ट घरी आली. जिभेने तिखट, पण हात मायेचा. तिने कप्तानांना खुर्चीवरून उठवलं, बसवलं, परत उठवलं. ते धापा टाकत हसले. ‘‘नोकरीच्या पहिल्या दिवशी मालकाने अशीच परेड घेतली होती!’’

जाताना ती बायकोला म्हणाली, ‘‘आजार हटणार नाही, खोटं कशाला सांगू? पण पाय वापरात राहिले तर बरेच दिवस साथ देतील. दमले की थांबवा, पण उठू द्या. आणि नुसत्या सुपावर ठेवू नका. अंडं, दही, डाळ, घासभर का होईना, पण अंगी लागेल असं द्या.’’

बायकोने मान डोलावली. पण फिजिओथेरपिस्टची पाठ वळताच नवऱ्याला म्हणाली, ‘‘काय दगडाच्या काळजाची बाई! आजारी माणसाकडून कवायत? पडा हो तुम्ही.’’

कप्तान जरा वेळ खुर्चीकडे बघत राहिले. मग आडवे झाले. बायकोचं मन मोडणं त्यांना कधी जमलंच नाही.

इथेच घात झाला. माया होती हो, खोट नव्हती, पण चुकलं ते चुकलंच. पायांच्या काड्या झाल्या. आधी भिंत धरून जायचे, मग तिचा खांदा लागू लागला.

एका सकाळी ती दूध तापवत होती आणि आतून धप्पकन आवाज आला. धावत गेली, तर पलंग आणि संडासाच्या मध्ये कप्तान फरशीवर पडलेले. पायजमा ओला.

‘‘अहो, हाक तरी मारायची!’’ तिला रडू फुटलं.

ते रागावले नाहीत. तोंड भिंतीकडे फिरवून हळूच म्हणाले, ‘‘तू दूध तापवायला गेलीस, म्हटलं आता उठून बघावं. तू असलीस की उठू देत नाहीस ना.’’

तिने उचलून पाहिलं, एकटीला जमेना. शेवटी त्यांच्यावर टॉवेल टाकून ती शेजाऱ्याला बोलवायला गेली.