डोक्यावरचा चेंडू

"पाय फसवतात, डोळे फसवतात, कंबर फसवत नाही."

हे वाक्य तो उठताबसता म्हणायचा. समोरून चेंडू घेऊन येणारा गडी पायांनी दहा नखरे करील, उजवीकडे बघून डावीकडे पळेल, पण कंबर जिकडे वळली तिकडेच तो जाणार, एवढं त्याचं शास्त्र. बाजारातून चालतानाही त्याची नजर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कमरेवर असायची. बायको कोपर मारून म्हणायची, "अहो, जरा वर बघून चाला. लोक तुम्हाला सोडून मला नावं ठेवतील."

सगळे त्याला अडसर म्हणत. दाराला आतून आडवा घालतात तो लाकडी दांडा, तसा हा गोलाच्या तोंडाशी आडवा. आईबापांनी ठेवलेलं नाव पाळण्याबरोबरच माळ्यावर जाऊन पडलं होतं.

बाप कापडाच्या गोदामावर राखणदार होता. राखणदाराचं काम असं, की काही घडलं नाही म्हणजे ते चांगलं झालं. आणि काही न घडल्याबद्दल कुणी कुणाची पाठ थोपटत नाही. मुलाने धंदा बदलला, वळण तेच राहिलं. पुढचे गडी गोल करायचे, गुडघ्यांवर घसरत जायचे, वर्तमानपत्रात यायचे. अडसराचा फोटो आला तर दुसऱ्याच्या फोटोत, मागे, अर्धा खांदा. बायको घरी लोकांचे कपडे शिवायची. मापं द्यायला आलेली एखादी बाई विचारायची, "एवढ्या वर्षांत तुमच्या मालकांनी गोल किती केले हो?"

"एकच," ती तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायची. "तोही आपल्याच जाळ्यात. पण काय सुरेख होता!"

गोदामामागच्या खडकाळ जागेत खेळताना संघाच्या मास्तरांनी त्याला हेरलं, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे एका मोठ्या संघाने बोलावलं म्हणून तो गेला. तिथे हंगामभर त्याला बाकावर बसवून ठेवलं. "बसून बसून गंजलो," म्हणत तो परत आला आणि याच संघात नायक होऊन त्याने केस पिकवले. नाक मोडलं, बरगडी मोडली, घोट्यात धातूची पट्टी घातली. नाक मोडलं त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबून तो शिट्टी होईपर्यंत खेळला होता. आपणहून मैदान सोडणं त्याला ठाऊक नव्हतं. आणि उंचावरून येणारा चेंडू म्हणजे तर त्याच्या ताटातला घास. सगळ्यांच्या वर उठून तो कपाळाने चेंडू असा परतवायचा, की बघणाऱ्याचं कपाळ दुखावं. गोलरक्षक म्हणायचा, "ह्याच्या कपाळावर खिळा ठोकलात तर खिळा वाकेल." ह्या गोलरक्षकाला सगळा संघ मामा म्हणे. तो आणि अडसर एकाच वर्षी संघात आलेले, आणि दोघांचं भांडणही नवराबायकोसारखं, रोजचं.

त्या वर्षी हंगाम संपत आला असताना सरावात कुणाचं तरी कोपर त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. सूज उतरली. पण डोळ्यात काळ्या माश्या उडायला लागल्या, आणि मग बाहेरच्या कडेने सावली यायला लागली. त्याने कुणाला सांगितलं नाही. पाणी ओतताना धार पेल्याच्या बाहेर पडली, तर तो पेल्यावर चिडला. उंबऱ्याला ठेचकाळला, तर उंबऱ्यावर.

बायको बघत होती. एका दुपारी तिने शिवणयंत्रावरून न उठता सुई पुढे केली. "एवढा दोरा ओवून द्या."

हे काम तो नेहमी एका दमात करायचा, आणि वर ऐट मिरवायचा. आज दोरा सुईच्या अलीकडून गेला. मग पलीकडून.

"दोरा पिंजलाय," तो म्हणाला.

"दोरा नवा आहे."

"मग भोक लहान आहे."

"सुई कालचीच आहे. डोळा कुठला, ते सांगा."

त्याने दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "डावा," तो म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला रोखठोक होत्या. त्यांनी अंधाऱ्या खोलीत डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"काय काम करता?"

"अडवतो."

"काय अडवता?"

"फुटबॉल खेळतात हे," बायको म्हणाली. "मागच्या फळीत."

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला. "डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला एक पातळ पडदा असतो. ओल लागली की भिंतीवरचा कागद सुटतो ना, तसा तुमचा सुटायला लागलाय. अजून मधला भाग शाबूत आहे. उद्या ऑपरेशन करू."

"रविवारनंतर करू."

"रविवारी काय आहे?"

"शेवटचा सामना."

"मी खेळू नका म्हणून सांगितलंय, आणि ह्या बाई साक्षीला आहेत." त्या त्याच्याकडे नाही, तिच्याकडे बघून बोलत होत्या. "एवढ्यावरही खेळलात आणि एक चेंडू डोक्यावर घेतलात, तर तो डोळा मी परत देईन असं धरून चालू नका. सोमवारी सकाळी उपाशीपोटी या. त्याच्या आधी येण्याची अक्कल सुचली तर आणखी चांगलं."

दवाखान्याचा जिना उतरताना त्याने कठडा धरला होता. असा कठडा धरताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"अडवायला दुसरं कुणी नाही?" ती म्हणाली.

"उंट आहे." उंट म्हणजे त्याच्याशेजारी खेळणारा गडी, उंच, मान लांब, अंगात दम, पण हाक मारल्याशिवाय जागा न धरणारा. "एकट्या उंटाला बावचळवतील. बरोबरी झाली तरी आपण वरच्या गटात राहतो. हरलो तर खाली. खाली गेलो की संघ मोडला म्हणून समज. अर्धे गडी घरी बसतील."

"आणि तुम्ही चाचपडत बसाल."

तो दोन पायऱ्या उतरला. "डोक्याला चेंडू लागू देणार नाही. पायांनी खेळेन, जागा धरून खेळेन. घ्यायचीच वेळ आली, तर आपणहून बाहेर येईन. शब्द."

तिचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. त्याच्या स्वभावावर नव्हता.

त्याने एकट्या मामाला सांगितलं. मामा रविवारी सकाळी दाराशी आला, तेव्हा नेहमीसारखा भांडला नाही. "वहिनी," तो म्हणाला, "उंचावरचे सगळे माझे. तुम्ही घोर करू नका." पण हे म्हणताना तो पायातल्या चपलांकडे बघत होता, म्हणून तिला जास्तच घोर लागला.

ती कधी मैदानावर जात नसे. त्या दिवशी गेली. सिमेंटच्या पायऱ्यांवर, गोलाच्या जरा बाजूला तिला जागा मिळाली. शेजारी एक जाडगेला गृहस्थ दाणे सोलत बसला होता आणि टरफलं तिच्या पदराकडे उडवत होता.

पहिला अर्धा भाग अडसर दिला शब्द पाळून खेळला. तिला खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण नवरा कळत होता. चेंडू उंच आला की तो एक पाऊल मागे सरायचा आणि ओरडायचा, "उंट, तुझा!" उंट उडायचा. खाली पडलेला चेंडू मग हा पायाने उचलून लांब फेकायचा. छातीवर घ्यायचा, मांडीवर घ्यायचा. दर थोड्या वेळाने मान सबंध डावीकडे वळवून बघायचा, कारण त्या बाजूचं जग त्याच्यापुरतं गळून पडलं होतं. प्रत्येक उंच चेंडूबरोबर तिची नखं तळव्यात रुतत होती, आणि चेंडू जमिनीवर आला की सुटत होती.

समोरच्या संघाचा पुढचा गडी मात्र धूर्त होता. आखूड मानेचा, लोहारासारखे खांदे. त्याला अर्ध्या तासात वास लागला. मधल्या सुट्टीला मैदान सोडताना तो अडसराजवळून मुद्दाम हळू चालला.

"काय काका, उडी घरी विसरलात?"

"तुझ्यासाठी उडी कशाला लागते?" अडसर म्हणाला. "तुला तर बसल्या बसल्या अडवतोय."

लोहार हसला, पण जाऊन आपल्या लोकांना काहीतरी सांगू लागला, आणि हात डोक्याच्या वर नेऊन दाखवू लागला. ते तिने पाहिलं.

सुट्टीनंतर प्रत्येक चेंडू उंच यायला लागला. डावीकडून, उजवीकडून, मधून. आणि प्रत्येक वेळी लोहार उंटाला सोडून अडसरासमोर येऊन उभा. एकदा तो मोकळाच उडाला आणि चेंडू आडव्या दांड्यावर आदळला. सगळं मैदान ओरडलं. बाजूच्या रेषेवरून मास्तर घसा फोडत होते, "अरे उडी मार! पायाला काय माती लागलीय?" अडसराने तिकडे पाहिलंही नाही.

शेजारचा गृहस्थ उभा राहिला. "अडसर मोडला! ह्याच्यापेक्षा ह्याची बायको उभी करा तिथे!"

"बायको उभी राहिली असती," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तर आधी तुमचं तोंड शिवलं असतं."

तो चपापला आणि दाणे विसरून तिच्याकडे बघत राहिला. पण ती मैदानाकडे बघत होती, कारण एक लांब चेंडू अडसराच्या डाव्या बाजूने येत होता, आणि त्याने मान अजून वळवली नव्हती.

"डावीकडे!" मामा ओरडला.

तो वळला. चेंडू त्याच्या डोक्याच्या उंचीवर होता. अंगाला लागलेली सवय माणसाला विचारत नाही. टाचा उचलल्या गेल्या, मान मागे गेली, कपाळ पुढे आलं. तिने तोंडावर हात ठेवला. शेवटच्या क्षणी त्याने मान खाली घातली. चेंडू केसांना घासून मागे गेला, लोहाराने तो टाचेखाली घेऊन गोलाकडे हाणला, आणि मामाने आडवं पडून बोटांच्या टोकांनी रेषेबाहेर ढकलला.

समोरच्या संघाला कोपऱ्यावरून चेंडू मारायची संधी मिळाली. सामना संपायला थोडाच वेळ उरला होता आणि अजून बरोबरी होती.

"पहिला खांब!" मास्तर ओरडले. कोपऱ्यावरून चेंडू येताना अडसर कायम गोलाच्या पहिल्या, म्हणजे त्या कोपऱ्याजवळच्या खांबापाशी उभा राहायचा. त्या जागी चेंडू येतो तो डोक्याच्याच उंचीने येतो, दुसऱ्या कशाने तो परतवता येत नाही. सगळ्या मैदानाला ती जागा माहीत होती. लोहारालाही माहीत होती. तो तिकडेच येऊन उभा राहिला.

अडसर खांबाशी गेला. त्याने एक हात खांबावर ठेवला आणि दुसऱ्या तळव्याने उजवा डोळा झाकला. त्याला घाम पुसायचा नव्हता. डाव्या डोळ्यात काय उरलंय, ते तो बघत होता. एवढ्या लांबून तिला ते शेजारी बसल्यासारखं कळलं. हात खाली आला. तो तसाच उभा राहिला. कोपऱ्यावरचा गडी चेंडू नीट ठेवत होता. 'या,' ती मनात म्हणत होती, 'या हो, या,' आणि तो उभाच होता.

मग त्याने पंचांकडे हात वर केला.

दंडावरची नायकाची पट्टी काढली. उंटाला खांद्याला धरून ओढत आणलं, त्याची पाठ खांबाला टेकवली आणि पट्टी त्याच्या दंडावर चढवली. उंटाची मान आणखीच लांब झाली. "मी? आता?" असं काहीतरी तो म्हणत असावा. अडसराने त्याच्या छातीवर थाप मारली. मास्तरांनी हातातली टोपी जमिनीवर आपटली, आणि नाइलाजाने बाकावरचा एक गडी आत धाडला. मामा गोलातून पुढे आला. त्याने हातमोज्याने अडसराची मान एकदा घट्ट धरली आणि सोडली.

पंचांनी जवळच्या रेषेकडे बोट दाखवलं: असाल तिथून बाहेर पडा, वेळ दवडू नका. म्हणजे खेळाडूंच्या दारापर्यंत जायला त्याला गोलामागून, आपल्याच लोकांच्या पायऱ्यांखालून, मैदानाला वळसा घालून चालावं लागणार होतं.

"पळाला!" कुणीतरी ओरडलं. मग शिट्ट्या आल्या. "भेकड! एवढी वर्षं आमचं खाल्लंस आणि आता पळतोस?" कागदाचा एक बोळा त्याच्या खांद्यावर लागून पडला. शेजारच्या गृहस्थाने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

अडसर चालत राहिला. डोकं त्याने ताठ धरलं होतं, काठोकाठ भरलेली घागर नेताना धरतात तसं. ना ओरडणाऱ्यांकडे वळवलं, ना मैदानाकडे. पायऱ्यांपुढच्या कठड्याची लोखंडी नळी डाव्या हाताने चाचपत तो एकेक पाऊल टाकत होता.

कोपऱ्यावरून चेंडू सुटला. पायऱ्यांवरची सगळी माणसं एकदम उठली. शेजारचा गृहस्थ तर वरच्या पायरीवर चढला. उंटाने मान ताणून चेंडू लोहाराच्या डोक्यावरून बाहेर काढला आणि बरोबरी टिकली, असं नंतर ज्याने त्याने तिला सांगितलं. तिने तो पाहिला नाही. उभ्या माणसांच्या कमरांमधून, खांद्यांमधून, जिथून फट मिळेल तिथून ती कठड्याच्या कडेने जाणाऱ्या त्या पाठीकडे बघत होती, ती पाठ खेळाडूंच्या दारातून आत वळेपर्यंत.