नवव्या मजल्यावरचं उघडं दार

जहाजावर त्याला सगळे थंडोबा म्हणत. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर तेवढं उरलं होतं. काम एसीचं आणि डोकं बर्फाचं, त्यामुळे हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते शोधायची कुणाला गरज वाटली नाही. प्रवाशाने तोंडाला येईल ते बोलावं, चीफ इंजिनिअरने आकांडतांडव करावं, थंडोबा आपली हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून “बघतो” एवढंच म्हणायचा. आणि खरंच बघायचा.

जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल. तेरा मजले, हजारावर खोल्या, आणि समुद्राकडच्या प्रत्येक खोलीला दोन खुर्च्या मावतील एवढी बाल्कनी. हा सगळा पसारा थंड ठेवणारी यंत्रं पार तळाशी, पाण्याच्या पातळीखाली. तिथे थंडोबाने सतरा वर्षं काढली होती. त्याआधी तो आपल्या शहरात एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात होता. तिथल्या उस्तादाने त्याला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती : मशीन आधी ऐकायचं, मग उघडायचं. थंडोबाचा कान त्या दुकानात इतका तयार झाला, की जहाजावर लागल्यावर तो नुसता बोळातून चालत गेला तरी कोणत्या पंख्याचं बेअरिंग खराब व्हायला लागलंय ते सांगायचा.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र तो मशीनवर हाताचा तळवा ठेवून अंदाज घ्यायला लागला होता. बाकीच्यांना ती त्याची नवी लकब वाटली. त्यालाही तसंच वाटलं, किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

त्या फेरीच्या सुरुवातीलाच एका दुपारी नवव्या मजल्यावरून तक्रार आली : एसी चालत नाही. थंडोबाने जाऊन दार ठोठावलं. ते उघडताक्षणी समोरून असा वारा आला की त्याच्या हातातली तक्रारीची चिठ्ठी उडून पलंगाखाली गेली आणि मागे दार धाडकन आपटलं. बाल्कनीचं काचेचं सरकतं दार हातभर उघडं होतं.

खोलीत दोघी बहिणी होत्या. थोरली सत्तरी ओलांडलेली, उंच, काटक. धाकटी तिच्याहून चार वर्षांनी लहान, गोलमटोल, आणि या वयातही थोरलीच्या तोंडी ‘बेबी’. थोरलीने लग्न केलं नव्हतं, धाकटीचे यजमान गेल्या वर्षी वारले होते. दोघींनी मिळून आयुष्यातली ही पहिली मोठी सहल काढली होती.

“बघा हो मिस्त्री,” बेबीमावशी पदराने वारा घेत म्हणाली, “भट्टी झालीय नुसती!”

“मावशी, एसीला काही झालेलं नाही. बाल्कनीचं दार उघडं असलं की तो आपोआप बंद पडतो. चौकटीत चुंबकाचा स्विच असतो. दार लावलंत की दहा मिनिटांत गार होईल.”

“ऐकलंस ताई? मी सकाळपासून कंठशोष करतेय!”

थोरली उठली, दार लावलं आणि खुर्चीत ताठ बसून राहिली. थंडोबाने पलंगाखालून चिठ्ठी काढली, वरच्या जाळीतून गार हवा यायला लागल्याची खात्री केली आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी तीच खोली, तीच तक्रार, तेच दार. तिसऱ्या दिवशीही तेच. खोल्या आवरणारी बाई त्याला जिन्यात भेटली तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाली, “धाकट्या मावशी लावतात, थोरल्या उघडतात. माझी पुसलेली काच खाऱ्या हवेने तासाभरात चिकट. भांडणं तर विचारू नकोस, शाळेतल्या पोरी परवडल्या!”

चौथ्या दिवशी तक्रार आली नाही. थंडोबाला बरं वाटलं. पाचव्या दिवशी दुपारी चीफने त्याला बोलावून घेतलं. आठव्या मजल्यावर, बरोबर त्या खोलीच्या खालच्या खोलीत, छतातून पाणी गळत होतं. तिथे नवं जोडपं होतं आणि धार नेमकी नवरदेवाच्या उशीवर धरली होती.

“समुद्रात आहोत म्हणून पाणी वरून पण यायला पाहिजे का?” चीफ गरजला. “बघ जाऊन!”

“बघतो,” थंडोबा म्हणाला.

त्याला वर जायच्या आधीच अंदाज आला होता. दार उघडं आणि एसी चालू, असं दोन्ही एकदम झालं तरच हे घडतं. बाहेरची दमट हवा आत येते, गार पत्र्यावर तिचं पाणी होतं, खालचा ट्रे भरून वाहायला लागतो. पण दार उघडं असताना एसी चालेलच कसा?

बेबीमावशी पत्ते खेळायला खाली गेली होती. थोरली एकटीच होती. बाल्कनीचं दार सताड उघडं, समुद्राचा आवाज खोलीभर, आणि वरून गार हवा छान चालू. थंडोबाने खुर्ची ओढली, वर चढला आणि दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. स्विचवर चिकटपट्टी होती. ती सोडवली तर आत एक गोल चपटं चुंबक. कुठल्याशा पर्सचं बटण होतं ते, व्यवस्थित कापून काढलेलं, दार लागलेलंच आहे असं स्विचला भासवायला.

तो खाली उतरला आणि ते बटण तळव्यावर ठेवून उभा राहिला. राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्याला कौतुकच वाटलं.

“मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात? बाटल्या भरायच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी. मशीनच्या झाकणाला असलाच स्विच असायचा. झाकण उघडलं की मशीन बंद. बाटली अडकली की दर वेळी कोण मशीन थांबवत बसणार? आम्ही असंच फसवायचो.” मग ती जरा वरमली. “काही बिघडलं का?”

त्याने खालच्या उशीची हकीकत सांगितली. थोरलीला हसू आवरेना. मग ते ओसरलं.

“लावते दार,” ती म्हणाली. “तुमची नोकरी अडचणीत नको यायला.”

“पण हे एवढं कशासाठी मावशी? गुदमरतं का तुम्हाला?”

थोरलीने मुख्य दाराकडे एकदा बघून घेतलं, बहीण येत नाही ना म्हणून.

“दार लावलं की माझ्या कानात शिट्टी वाजते,” ती म्हणाली. “म्हणजे वाजतच असते ती, सदानकदा. बारीक, उंच, कुकरची शिटी यायच्या आधी सूं आवाज येतो ना, तशी. एकतीस वर्षं काचेच्या बाटल्यांचा खणखणाट ऐकला, तो कारखान्यातून घरी घेऊन आले. घरी मी रेडिओ लावून ठेवते, रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवते. इथे दार लावलं की असं निपचित शांत होतं, की त्या शिट्टीशिवाय दुसरं काही उरतच नाही. समुद्राच्या आवाजात ती बुडते. एवढंच.”

“धाकट्या मावशींना माहीत नाही?”

“बेबीला? ती दुसऱ्या दिवशी चार डॉक्टरांकडे फिरवील मला. आधीच नवऱ्याच्या आजारपणात ती हॉस्पिटलं करून थकलीय. तिला हवापालट म्हणून आणलं मी.”

थंडोबा बटण बोटात फिरवत राहिला. तळाशी त्याच्या स्वतःच्या बिनखिडकीच्या खोलीत उशाजवळ एक छोटा पंखा होता. थंडी असो, उकाडा असो, तो पंखा चालू असल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. कुणी विचारलं तर तो सांगायचा, हवा खेळती लागते. पण पंख्याचं तोंड कायम भिंतीकडे असायचं. हे आजवर त्याने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं आणि आता या बाईने चार वाक्यांत त्याच्यापुढे मांडून ठेवलं होतं.

“डाव्या कानात जास्त की उजव्या?” त्याने विचारलं.

थोरलीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “उजव्या. तुमच्या?”

“डाव्या,” तो म्हणाला आणि पिशवी उघडली.

आयुष्यभर त्याने एसीचे आवाज बंद करायचं काम केलं होतं. प्रवाशांना गार हवा लागते, पण ती कशी येते ते ऐकायला नको असतं. त्यामुळे जाळीमागची झडप अशी बसवलेली असते की हवा गुपचूप यावी. त्याने जाळी काढली, झडप थोडी आवळली, हवेची वाट अरुंद केली आणि आतला स्पंजाचा तुकडा काढून घेतला. जाळी लावली, तर खोलीत एकसारखा सूऽऽ असा आवाज भरला, लांबवर पाऊस पडत असावा तसा. मग त्याने बाल्कनीचं दार लावलं.

थोरली मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिली. “समुद्राची सर नाही,” ती शेवटी म्हणाली. “पण चालेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नवव्या मजल्यावरून तक्रार आली : एसी फार आवाज करतो.

थंडोबा गेला. बेबीमावशी कंबरेवर हात ठेवून उभीच होती. “मिस्त्री, हे काय करून ठेवलंत? आधी गार होत नव्हतं, आता इंजिनात झोपल्यासारखं वाटतं! करा बंद ते.”

थंडोबाने थोरलीकडे पाहिलं. सांगायचं की नाही हा तिचा प्रश्न होता. तो खुर्चीवर चढला आणि मुद्दाम पहिल्या स्क्रूशी वेळ काढत बसला.

“बेबी, राहू दे तो आवाज,” थोरली म्हणाली. “मीच करून घेतलाय.” आणि तिने सगळं सांगितलं, बटणासकट, उशीसकट.

बेबीमावशी आधी लाल झाली. “किती वर्षं झाली याला?”

“होतील बारा-तेरा.”

“तेरा वर्षं! आणि मला वाटायचं, माझी बडबड नको म्हणून तू रेडिओ मोठा करतेस! मी तुझ्याकडे येणं कमी केलं त्यापायी, माहितीये?” थोरलीला हे ठाऊक नव्हतं. ती उठून बहिणीशेजारी पलंगावर बसली आणि काही न सुचून तिच्या साडीच्या निऱ्या नीट करायला लागली. बेबीमावशीने तो हात झटकला नाही. थोड्या वेळाने नाक पुसत ती वर बघून म्हणाली, “उतरा मिस्त्री. राहू दे तसंच.”

त्या रविवारी थंडोबाने घरी फोन लावला. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, मुलगी नर्सिंगला. बायको बोलत होती आणि तो नेहमीसारखा “हां, हां” करत होता. मग एकदम थांबून म्हणाला, “मला आत्ताचं नीट ऐकू आलं नाही. बऱ्याचदा येत नाही. डाव्या कानाचं काहीतरी झालंय.”

“मला कळलंय ते,” बायको म्हणाली. “मागच्या सुट्टीत मी डाव्या बाजूने हाक मारली की तुम्ही वळायचा नाहीत. वाटलं, तुम्ही स्वतः बोलाल तेव्हा विचारू.” मग मुलीने फोन हिसकावून घेतला आणि त्याला फैलावर घेतलं. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे गेला नाहीत तर मी चीफला फोन करीन, असं बजावलं. ती तसं करायला कमी करणार नाही हे त्याला माहीत होतं.

तो गेला. जहाजाच्या डॉक्टरबाईंनी कानावर यंत्र लावून तपासलं. डावा कान बराच गेला होता, उजवा निम्म्या वाटेवर होता. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा, असं त्यांनी सरळ सांगितलं. तळाच्या यंत्रखोलीत कान झाकायची जाड कुंची वर्षानुवर्षं खिळ्याला लटकत होती. ती घालणाऱ्याला बाकीचे ‘नवरी’ म्हणून चिडवायचे, म्हणून कुणी घालत नसे. थंडोबा दुसऱ्या दिवशी ती घालून कामावर आला. दोघंतिघं हसले. “हसा,” तो म्हणाला, “मला काही ऐकू येत नाही.”

चीफने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग डॉक्टरबाईंचा कागद वाचून त्याला यंत्रखोलीतून काढलं आणि वरच्या मजल्यांच्या फेरीवर लावलं. सहलीच्या शेवटच्या आठवड्यात चीफ स्वतः दवाखान्याच्या बाकावर बसलेला दिसला, हातात नंबराची चिठ्ठी घेऊन. त्याच्यामागे यंत्रखोलीतले आणखी चौघे होते आणि पाचवा बसायला जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभा होता.