बोटांवरची शाई

कणीक मळताना माझीच बोटं दिसली आणि हात थांबला. नगराध्यक्षाच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर माझी ड्युटी होती. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावताना ती माझ्याही दोन बोटांत मुरली. साबणाने गेली नाही, लिंबानेही नाही.

यंदा पक्ष नव्हते, सगळेच अपक्ष. आमच्या शेजारच्या सुमनताईही उभ्या होत्या. निवृत्त नर्स. माझ्या दोन्ही मुलींना पहिलं इंजेक्शन त्यांनीच दिलेलं. काल मोजणीत त्यांची आणि दुसऱ्या उमेदवाराची मतं अगदी सारखी निघाली. मग स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, एक उचलली आणि सुमनताई हरल्या.

ऐकलं तेव्हा माझी नजर आधी फ्रिजवर गेली. ड्युटीवर असलेल्यांना मत टपालाने द्यायचं असतं. माझी मतपत्रिका फ्रिजवर लग्नपत्रिकांच्या खाली तशीच राहिली होती. एका मताने काय होतंय, म्हणून रोज उद्यावर ढकललेली. अख्खं गाव दोन पारड्यांत सारखं बसलं होतं आणि एक दाणा माझ्या फ्रिजवर पडून होता.

मी पुन्हा कणकेत हात घातला, तेवढ्यात सुमनताई कढीपत्ता घेऊन आल्या. माझा पिठाचा हात त्यांनी हातात घेतला आणि जखम तपासावी तशी बोटं निरखली.

"कुणी मत दिलं, कुणी नुसतंच हो म्हटलं, देव जाणे," त्या म्हणाल्या. "तुझं तेवढं मला विचारावं लागत नाही बघ."

मी हात सोडवून घेतला नाही.