चिनी मंत्री आणि माझा आग्रह

समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी बाईंना मी चिकट समजले, आणि त्यांना पाहुणचार शिकवायला म्हणून त्यांचा चहाचा कप काठोकाठ भरला. सारी हयात पुण्यात काढलेल्या बाईनं दुसऱ्याला चिकट ठरवावं, यावरूनच माझ्या अकलेचा अंदाज यावा. तेव्हा मी पासष्टीची, म्हणजे तशी अल्लडच होते.

सिंगापुरात पासिर रिसला मुलाकडे राहायला येऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा सकाळीच कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला जायचा, सून ऑफिसात. दिवसभर बोलायला ह्या बाई एवढ्याच. निवृत्त शिक्षिका, माझ्याच वयाच्या, एकट्या. त्यांचं इंग्रजी बेताचं, माझं त्याहून बेताचं, त्यामुळे भांडण व्हायची भीती नव्हती. दुपारी चारला मी त्यांच्याकडे जायची.

त्या बोलायच्या ते एका मंत्र्याबद्दल. चीनच्या सम्राटाचा मंत्री, दीडशे वर्षांपूर्वीचा. लहानपणी बाईंच्या वडिलांनी त्यांच्याकडून त्याची पत्रं वाचून घेतली होती. ह्या माणसानं मोठं बंड मोडलं, दरबारात वजन वाढलं, हाताशी फौज. आणि नेमकी तेव्हा ती फौज आपणहून घरी पाठवली. सगळं भरून आलं की ओसरायला लागतं, म्हणून काहीतरी उणं असू द्यावं, असं त्याचं म्हणणं. वाचायच्या खोलीलासुद्धा त्यानं उणेपणाचंच नाव दिलं होतं. आणि घरच्यांना लिहायचा काय, तर पहाटे उठा, झाडलोट करा, भाजी लावा, डुकरं नीट पाळा. बाई कॉरिडॉरमधल्या कुंड्यांत पालेभाजी लावायच्या, ती त्याच्यामुळे. माझा कपही त्या वरून दोन बोटं रिकामा ठेवायच्या. मला वाटलं, मंत्र्याच्या नावावर चहापत्ती वाचवतायत.

म्हणून एकदा त्यांना घरी बोलावलं. आलं, साखर, निम्मं दूध. बशीत सांडेल इतका भरला. त्यांनी संपवला, मी पुन्हा भरला. त्या "नको" म्हणाल्या, पण आमच्याकडे पहिलं "नको" कोण ऐकतं? तोही प्यायल्या, आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी चारला त्यांचं दार बंद. तिसऱ्या दिवशीही.

सुनेला सांगितलं.

"आई, कप किती भरलात?"

"काठोकाठ. आपल्याकडे काय कमी आहे?"

"अहो, माझ्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणी सांगतात, चहा काठोकाठ दिला की पाहुण्यानं समजायचं, आता निघा."

"मी तर दोनदा भरला."

"म्हणजे दोनदा हाकललंत."

ती हसत होती. मला हसू येईना. ते समोरचं दार म्हणजे माझं अख्खं सिंगापूर, आणि ते मी स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं.

सकाळी जाऊन दार वाजवलं. जाळीच्या दाराआड त्या उभ्या राहिल्या, चेहरा उतरलेला. मी रात्रभर जुळवलेलं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं: आमच्यात भरलेला कप म्हणजे मान, नकोशा माणसाला आम्ही अर्धा देतो, माझं चुकलं, पुन्हा या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जाळीची कडी काढली आणि म्हणाल्या, "राग कसला? मला दूध पचत नाही. अर्धा कप असता तर निभावलं असतं. दोन दिवस पोट धरून पडले होते. आत या, आज चहा मी ओतते."